आम्ही नाकारलेली मुलगी

धाराशिवच्या शिशुगृहातून फोन आला. इटलीहून एक कुटुंब येतंय, त्यांच्या दत्तक मुलीला ती जिथून गेली ती जागा बघायचीय, बोलायला इंग्रजीच्या बाई हव्यात. लहानपणी तिच्या पायाचं ऑपरेशन झालंय, एवढं नव्या अधीक्षिका सहज बोलून गेल्या. मी फोन धरून उभीच राहिले.

दहा वर्षांपूर्वी ती मुलगी सर्वांत आधी आम्हाला दाखवली होती. आमचा नंबर लागायला अडीच वर्षं गेली होती. आम्ही नवरा-बायको भूमहून एसटीनं गेलो, सोबत कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा. ती सव्वा वर्षाची. मांडीवर आली ती माझं मंगळसूत्र तोंडात घालूनच बसली. मग पायमोजा निघाला. पाऊल आत वळलेलं. उपचारांनी सरळ होईल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. विचार करायला दोन दिवस मिळाले. सासूबाई म्हणाल्या, "लंगड्या पोरीला कोन करून घेईल गं?" अशा वेळी लोक सासूला दोष देतात, आणि मलाही ते सोयीचं पडलं. पण नको मीच म्हणाले. पेढे शाळेत वाटले, नवा मोबाइल घेतला म्हणून सांगितलं.

पुढं आम्हाला मुलगा मिळाला. त्याच्यावर माझा जीव आहे. तरी त्याला बूट घालताना ते दुसरं पाऊल आठवायचं, आणि स्वतःची शरम वाटायची.

ठरल्या दिवशी ती मुलगी आली ती शिशुगृहाच्या पायऱ्या पळतच चढली. मी पुन्हा पेढेच नेले होते, निर्लज्जासारखे. तिनं दोन खाल्ले. तिला सांभाळणारी मावशी अजून तिथंच आहे. तिनं मला बघताक्षणी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. अधीक्षिका चहाचं बघायला गेल्या, तेव्हा मुलीनं तिच्या अडखळत्या इंग्रजीत मावशीसाठी एक प्रश्न विचारला. इथलं कुणीच मला घ्यायला आलं नव्हतं का?

मी तो मराठीत सांगितला. मावशी माझ्याकडंच बघत म्हणाली, "आल्ती की एक बाई. लई येळ मांडीवर घेऊन बसली व्हती. निघताना रडली बी. पुन्हा न्हाय आली. सांगा बाई तिला."

ती मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. यानंतर ती 'का नाही आली' असं विचारणार, हे मला दिसत होतं. तिचं मन दुखेल, असं मी स्वतःला समजावलं. खोटं होतं ते. मला माझं तोंड लपवायचं होतं.

"नाही," मी तिला इंग्रजीत म्हणाले, "कुणीच आलं नव्हतं."

तिनं मान हलवली आणि आईचा हात धरला. मावशीला इंग्रजी येत नाही. तिनं फक्त मुलीचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि उठून आत निघून गेली.