खाच नसलेले स्क्रू

बदली होऊन रत्नागिरीला आले तेव्हा समुद्राकाठी भाट्याला एका घराची मागची खोली मी भाड्याने घेतली. पुढच्या भागात मालकीणबाई एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान जहाजावर फिटर होते आणि वर्षभरापूर्वी वारले, एवढंच मला ठाऊक होतं.

खोलीचं दार खाली घासायचं. वरची बिजागरी खाऱ्या हवेने गंजून वाकली होती. एका रविवारी दुपारी नवी बिजागरी आणून मी स्टुलावर चढले. जुन्या लांब पट्टीच्या बिजागऱ्या, दाराच्या आतल्या अंगाला बसवलेल्या. गंज खरवडला आणि थांबले. स्क्रूंना खाचच नव्हती. बोट फिरवून पाहिलं, तर सगळी डोकी सपाट, गुळगुळीत. खालच्या बिजागरीचीही तशीच. कुणीतरी मुद्दाम कानशीने घासली होती. दाराला आतून कडी नाही, फक्त बाहेरून आहे, हे मी आल्या दिवसापासून पाहत होते. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

करवतीच्या पात्याने नव्या खाचा पाडायच्या ठरवल्या. दोन स्क्रू निघायला तासभर गेला. तिसऱ्यावर पातं टेकवलं, तर ते आपसूक एका रेघेत बसलं. तिथे खाच होती. उथळ, वाकडी, रोज थोडी थोडी खरवडल्यासारखी. बाकीचे स्क्रू लाकडात चिकटून बसलेले, आणि हा मात्र नुसत्या नखाने फिरला.

मागे चाहूल लागली. मालकीणबाई दाराबाहेर उभ्या राहून माझ्या तळहातावरच्या स्क्रूकडे पाहत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या दोन वर्षांत यजमान सगळं विसरले, बायकोलाही. जहाज सुटायची वेळ झाली म्हणत दुपारी समुद्राकडे निघायचे. दोनदा लोकांनी कमरेएवढ्या पाण्यातून ओढून आणलं. म्हणून बाहेरून कडी. पण हात काही विसरले नव्हते. चमच्याच्या दांड्याने त्यांनी बिजागरी सोडवली आणि दार भिंतीला टेकवून ठेवलं. तेव्हा सुताराला बोलावून स्क्रूंची डोकी घासून घेतली.

"मग दुपारभर खर्र खर्र ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, नखं ओढतायत भिंतीवर. मी उठून बघितलं नाही कधी."

ते याच खोलीत गेले.

"अजून येतो गो आवाज. आजही आला, म्हणून आले बघायला."

"आजचा माझ्या पात्याचा होता, काकू."

"हो," त्या म्हणाल्या. "आजचा."

मी नवी बिजागरी बसवली. शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. यांना खाचा आहेत ना, एवढंच विचारलं आणि स्वतः बोट फिरवून खात्री केली. मग माझ्या देखत पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या, कॉटच्या कडेला बसल्या आणि दार लोटायला सांगितलं. दार न घासता लागलं. मी काही बोलायला लागले, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं आणि मान दाराकडे वळवून कान दिला.