शेवटची पंगत

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. तिचा नायक साधा आडत्या म्हणून सुरुवात करतो आणि बघता बघता गावातला सगळ्यात मोठा धनी होतो. गाईडमध्ये त्याचा स्वभाव तयार छापलेला होता: अहंकारी आणि महत्त्वाकांक्षी. मी तो पाठ केला होता. बीबी गावाहून चिखलीला शिकायला आलेलो. घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. छापलेलं चुकीचं असू शकतं, हे माझ्या डोक्यातही येत नसे.

मला एम.ए. करायचं होतं, पण ते झेपेल का, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. म्हणून ही कादंबरी शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, या नायकावर वर्गात बोल, गाईड न बघता. मग सांगतो.

कादंबरीत हा नायक मुलाच्या लग्नात अख्ख्या गावाला जेवू घालतो. पंगती उठेपर्यंत मांडवात उभा असतो, कोणाजवळ बसत नाही. सरांनी शिकवताना या उभं राहण्याला गर्व म्हटलं होतं. मी भीत भीत सांगितलं की आमच्याकडे घरच्या कार्यात वरण-बट्टीची पंगत बसली की यजमान उभाच असतो. गाव जेवायच्या आधी तो बसला तर लोक नावं ठेवतात. बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, "सर, तो गर्वानं उभा नाही. तो उपाशी आहे."

वर्ग हसला. माझा खोलीतला मित्र मागून म्हणाला, "अबे, कोठारं भरेल हायेत त्याची. याले कादंबरीतबी वरण-बट्टीच दिसते." सरही हसले. मला वाटलं, एम.ए. गेलं.

"मग तो जेवतो कधी?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं, शेवटच्या पंगतीत. वाढणारे, आचारी, भाऊबंद आणि यजमान एकत्र बसतात. बुंदी संपलेली असते, वांग्याच्या भाजीचा तळ खरवडावा लागतो, पण खरी थट्टामस्करी तिथेच चालते. यजमान नाही नाही म्हणतो आणि भाऊ त्याला हाताला धरून बसवतात.

"ती पंगत पुस्तकात दाखव."

मी पानं उलटत राहिलो. ती पंगत नव्हतीच. पाहुणे उठतात, तो मांडव सोडायला सांगतो आणि माडीवर निघून जातो. पुढच्या प्रकरणात थेट नवी गिरणी.

"त्याले कोणी बस म्हटलंच नाही, सर," मी म्हणालो. घरची बोली निघून गेली, ते नंतर लक्षात आलं.

"कोण म्हणणार? भावांना त्यानं आधीच दुकानातून काढलंय," सर म्हणाले. "गर्व आहेच त्याच्यात. पण मी तो मांडवात शोधत होतो, तो दुकानात होता. एम.ए.ला ये तू."

त्या दिवशी मित्रानं एसटी स्टँडसमोर कचोरी खाऊ घातली. खाता खाता त्यालाच प्रश्न पडला की ते भाऊ लग्नाला आले तरी होते का. मलाही आठवेना. तेलकट बोटं रुमालाला पुसून आम्ही तिथंच पुस्तक उघडलं, आणि त्यालाच ती ओळ आधी सापडली. भाऊ आले होते. पहिल्या पंगतीत, पाहुण्यांमध्ये बसून जेवून गेले होते.