पलीकडच्या काकांची बियर

सबंध आयर्लंडात स्वतःच्या हाताने बियर करणारा आणि तिचा थेंबही न पिणारा माणूस एकच असेल, आणि तो नावन गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे. काकू नर्स, इथल्या हॉस्पिटलात त्यांना नोकरी लागली तेव्हा काका त्यांच्या मागोमाग आले, कडेवर लहानगी मुलगी घेऊन. नागपूरला ते रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. इथे त्यांना मनासारखं काम मिळालं नाही, म्हणून त्यांनी घर सांभाळलं, मुलगी वाढवली, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून बियर करायला घेतली. प्यायचे का नाहीत, तर पित्त. एक घोट घेतला की दोन दिवस कपाळ धरून बसायचे. मग बियरच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “अगं, तुझ्या काकूला आवडते ना. ड्यूटीवरून थकून येते बिचारी. लोकं बायकोसाठी चहा करतात, मी हे करून राहिलो.”

त्यांच्यासमोर ‘दारू गाळणं’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. माझा नवरा पहिल्याच भेटीत बोलून गेला आणि त्याला उभ्याउभ्या शिकवणी मिळाली. गाळतात ती दारू. बियर आंबवतात. ती इडलीच्या पिठाची चुलत बहीण आहे. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायची, मग हॉप्सची फुलं घालून उकळायचं. कडवटपणा येतो तो या फुलांमुळे. गार झालं की यीस्ट सोडायचं आणि गप्प बसायचं. “गप्प बसणं सर्वांत कठीण,” काका म्हणायचे, आणि त्यांच्याकडे पाहून ते पटायचं. स्वच्छतेचा तर त्यांना ध्यास होता. बाटल्या भरायच्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तर कोपरापर्यंत हात धुवावे लागत. मी एकदा दारातच शिंकले तर त्यांनी मला अंगणात पाठवलं आणि चहाही अंगणातच आणून दिला, भर पावसात, वर छत्री धरून.

यीस्टला ऊब लागते, आणि ऊब ही या देशात सहज मिळणारी गोष्ट नाही. पण इथल्या प्रत्येक घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात ओले कपडे वाळवतात. काकांनी कपड्यांना फक्त वरचा खण ठेवला, खाली बियरचा बुधला बसवला आणि तो स्वतःच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला. झाकणातल्या नळीतून गुडगुड आवाज यायला लागला की काका जिन्यात बसून ऐकत राहायचे. या सगळ्यात काकूंच्या युनिफॉर्मला आंबूस वास लागला. वॉर्डातल्या एका पेशंटने हळूच विचारलं म्हणे, “सिस्टर, घरी सगळं ठीक आहे ना?” काकू हे हसून हसून सांगायच्या. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, “त्याला विचारायचं होतं, वास केळ्यासारखा होता का लवंगेसारखा. त्यावरून तापमान समजलं असतं.”

रेसिपी दर वेळी नवी. सुंठ झाली, कोकम झालं, गूळ झाला. ओवा घातला ती बियर प्यायल्यावर माझ्या नवऱ्याचं पोट इतकं साफ झालं की त्याने ऑफिसला दांडी मारली. समोर राहणारा म्हातारा, निवृत्त बस ड्रायव्हर, एकटाच असायचा. काही दिलं की पेला रिकामा करून “ग्रँड” म्हणायचा, यापलीकडे त्याचं मत कधी कळलं नाही. आणि काकू काहीही दिलं तरी म्हणायच्या, “छान झालीये हो.”

मग काकू आजारी पडल्या. त्यांच्याच हॉस्पिटलच्या एका तपासणीत कळलं. औषधं सुरू झाली, केस गेले, ते त्यांनी सहन केलं. पण तोंडाची चव गेली ती त्यांच्या फार जिवाला लागली. वरणभात नाही, लिंबाचं लोणचं नाही, सगळं एकसारखं, पत्रा चाटल्यासारखं. जेवण तुटलं, वजन उतरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘दोन घास खा’ म्हणणारी बाई ताटाकडे बघून तोंड फिरवायला लागली.

काकांनी कारखान्यातल्यासारखं काम हातात घेतलं. डॉक्टरांना विचारलं, बियरचा एखादा घोट चालेल का? घोटभर चालेल, ते म्हणाले. मग काका लहान लहान भांड्यांत निरनिराळ्या बियर लावायला लागले. एक आंबट, एक धुरकट भाजलेल्या सातूची, एक सुंठेची जहाल. खिडकीतल्या खुर्चीत काकू शाल घेऊन बसायच्या आणि काका चमच्याने घोट द्यायचे. काकू मान हलवायच्या. “पत्रा.” पुन्हा नवीन. “पत्राच.” मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेहून शनिवार-रविवारी यायची, तिथे ती मेडिकल उपकरणांच्या कंपनीत होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलायची इथल्या इंग्लिशमध्ये. एकदा ती वैतागली, “बाबा, प्लीज, लीव्ह हर बी!” काका उठले. चमचा धुवायला आत गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्या दिवशी काकूंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “त्यांना थांबवू नका गं कोणी. ते थांबले की मला कळेल, की झालं.”

आणि वसंतात एका दुपारी आमची घंटा वेड्यासारखी वाजली. दारात काका, पायांत घरातल्या सपाता, हातात चमचा.

“कडू लागलं!” काका म्हणाले. “अगं, तिला कडू लागलं!”

मी तशीच धावले. काकू खिडकीत बसल्या होत्या, तोंड पार वाकडं केलेलं. काकांनी त्या खेपेला हॉप्स इतके घातले होते की धडधाकट माणसानेही थुंकून टाकावं. “अगं काय हे,” काकू म्हणाल्या, “विष आहे विष. इतकी वाईट बियर यांनी जन्मात केली नाही.” आणि हसायलाच लागल्या. काका खुर्चीशी खाली बसले, काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि म्हणाले, “आणखी शिव्या दे. दे ना.”

त्या आठवड्यात काकूंनी कारल्याची भाजी खाल्ली, मेथी खाल्ली. कडू तेवढं लागायचं. आम्हाला वाटलं, आता एकेक चव परत येईल. तसं झालं नाही. उन्हाळा संपायच्या आत त्या गेल्या.

सगळं आटोपल्यावर काकूंच्या वॉर्डातल्या नर्सेस घरी आल्या, इथल्या रीतीप्रमाणे सँडविचेस आणि केक घेऊन. मुलगी चहा देत होती. कुठून तरी काका पेल्यांचा ट्रे घेऊन आले. तीच बियर, कडू. ती त्यांनी बाटल्यांत भरून ठेवली होती हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात पेला दिला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्या भल्या बायका. घोट घेऊन डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाल्या, “लव्हली.” “सो लव्हली.” काका मान हलवत पुढे सरकत होते आणि प्रत्येक ‘लव्हली’गणिक त्यांचा चेहरा पडत होता. माझ्याजवळ आले तेव्हा मीही घोट गिळला आणि पेला खाली ठेवला.

समोरच्या म्हाताऱ्याने मोठा घोट घेतला. थांबला. पेला डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

“जीझस, मॅन,” तो म्हणाला, “दॅट इज डेस्परेटली बिटर!”

मुलीने काकांच्या हातातला ट्रे काढून घेतला. इतक्या दिवसांत न रडलेला तो माणूस म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, आणि म्हातारा त्यांच्या पाठीवर थोपटत, आपलं काय चुकलं ते न कळून, एकसारखं “सॉरी, सॉरी” म्हणत राहिला. “नो, नो,” काका म्हणत होते. “करेक्ट. करेक्ट.”

आता ते गॉलवेला मुलीकडे असतात. बियर करत नाहीत. रविवारी मी फोन करते. आधी ते इथल्या माणसांसारखं हवामान सांगतात, वारा किती, पाऊस कधी थांबला, समुद्र आज कुठल्या रंगाचा आहे. मग मुलगी मागून काहीतरी म्हणते, मराठीत, अडखळत. ते तिला शब्द सांगतात. ती तो पुन्हा म्हणते. फोन दोघांच्यामध्ये तसाच चालू राहतो, आणि मी तो ठेवत नाही.