सव्वादोनचं माप

आमचा तोताराम काका कासार. पिंप्राळ्याहून निघायचं, सुरत पॅसेंजर धरायची आणि शिंदखेड्याच्या बाजूची खेडी पायी करायची, हा त्याचा जन्माचा धंदा. परक्या बाईचा हात हातात घ्यायची मुभा गावात फक्त कासाराला, आणि काका त्या मुभेतच फसला.

एका गावात सुंदरबाई होती, पाटलांच्या घरची सून. तिचं माप सव्वादोन. घरातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या भरून झाल्या की काका मुकाट्याने हात पुढे करायचा, ती आपला हात द्यायची. भरून झालं की रिवाजाप्रमाणे त्याला नमस्कार करायची. अकरा वर्षं एवढंच. दोघं अवाक्षर बोलली नाहीत. नुसता संशय आला असता तरी तिला त्या घरात जगणं मुश्कील झालं असतं.

शहाऐंशीच्या माघात तिचा नवरा वारला. काकाला बातमी होती, तरी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तो गेलाच. माहेरी आलेल्या नणंदांच्या बांगड्या ओट्यावर भरून झाल्या. शेवटी नणंदेची लहान पोर राहिली, तिला सुंदरबाई ओक्याबोक्या हातांनी मांडीवर धरून बसली होती. पोरीच्या बांगड्या झाल्या आणि काकाचा हात सवयीने पुढेच राहिला. तिचाही हात आपोआप आला. हिरवी बांगडी मनगटावर चढली तेव्हा दोघं भानावर आली.

सासूने, द्रौपदाबाईने, तिचा हात ओट्याच्या दगडावर आपटला. बांगडीचे तुकडे झाले.

“धनी मरना ते इसरनी, पन कासारले हात देनं नही इसरनी.”

काका पेटी उचलून चालता झाला. तिच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. सासरच्यांनी तिला गोठ्यालगतच्या खोलीत टाकलं, तिथेच तीन वर्षांत ती खंगून मेली. हे काकाने शेवटच्या आजारात मला सांगितलं, काकीला कधीच नाही. मला त्याची कीव आली नाही, संताप आला.

चौऱ्याण्णवला काका गेला. पुष्पाकाकीच्या बांगड्या फोडायला शेजारच्या बायका जमल्या, पण फोडायची वेळच आली नाही. काकीने हात खाली केला आणि सगळ्या घरंगळून पडल्या. जन्मभर तिने पेटीत उरलेल्याच घातल्या होत्या.

“मनं माप त्यासनी कधी लिधंच नही,” काकी म्हणाली, आणि वाकून बांगड्या गोळा करू लागली.