दलदलीकाठची सुईण

मी एकच शब्द चुकीचा वापरला आणि दिवसभर त्याची फळं भोगली. बायकोला कळा सुरू झाल्यावर जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या हॉस्पिटलात जी बाई पुढे आली ती हेबामे, म्हणजे बाळंतपण करणारी. 'नर्स' म्हणून मोकळं व्हायचं, तर मी शहाण्यासारखा सासूबाईंना सांगून बसलो, "आई, ही सुईण."

सासूबाई खुर्चीवरून उठल्याच. त्यांची थोरली बहीण सुईणीच्या हातून बाळंतपणात गेली होती. सासूबाई तेव्हा परकरी पोर. बाळ आधी त्यांच्या हातात दिलं आणि बहीण गेल्याचं नंतर सांगितलं. हे मला बायकोकडून ठाऊक होतं, तरी तोंडातून नेमका तोच शब्द गेला.

डॉक्टर कुठे आहे, हे त्या मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. डॉक्टर गरज पडली तरच येतो, अशी इथली रीत मी सांगितली, पण ती मलाही पटत नव्हती. पीएच.डी.ला माझा विषय यंत्रांमधले बिघाड, त्यामुळे काय काय बिघडू शकतं एवढंच सुचत होतं. खाली वर्ल्ड कपचे झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. बाळाचे ठोके ऐकू येईनात, म्हणून मी चिडून खिडकी लावली.

दुपारपर्यंत कळा नुसत्या येत-जात राहिल्या. सासूबाईंनी त्या बाईच्या छातीवरचा बिल्ला मला वाचायला लावला. मोझर.

"मूळच्या कुठल्या म्हणे ह्या? विचारा ना अहो."

माणूस पारखायची त्यांची ही एकच पद्धत. आधी आडनाव, मग गाव. जर्मन माणसाला, तेही अशा वेळी, हे विचारायची मला लाज वाटली. पण विचारलं.

बाईला राग आला नाही. बायकोच्या पोटावरचा हात न काढता ती सांगू लागली. तिचं घराणं बाव्हेरियातलं. तिकडे मोस म्हणजे दलदल. गावात एकाच नावाचे चौघे असले की कोण कुठे राहतो त्यावरून ओळखायचे. दलदलीच्या काठाला ज्याचं घर तो मोझर. दलदल कधीच आटवली, तिथे शेतं झाली, आडनाव तेवढं राहिलं. मी जमेल तसं मराठीत सांगत गेलो.

सासूबाईंना भलतंच हवं होतं. त्या दलदलीतून माणसं जायची कशी?

आजोबा सांगायचे, बाई म्हणाली, की आधी पुढे काठी टेकून बघायची, मगच पाऊल टाकायचं. आणि भुसभुशीत लागलं की हट्ट करायचा नाही, मागे फिरायचं.

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि बाईच्या हाताकडे बघत राहिल्या. डॉक्टरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आणि मग ठोके मंदावले. मी दाराकडे धावलो, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा. ती चाचपते आहे."

मला त्यांचा भयंकर संताप आला. तेवढ्यात पोटावरचा हात थांबला आणि बाईने स्वतःच घंटी दाबली. डॉक्टर आले, बायकोला ऑपरेशनला नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. सासूबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या.

दार उघडलं. बाई टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. मुलगी झाली म्हणाली आणि हसत ते आजीपुढे धरलं.

सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझी मुलगी कशी आहे ते आधी विचारा."

मला जर्मनचा एक शब्द सापडेना. बाईने माझी वाट पाहिली नाही. तिने बाळ माझ्याकडे दिलं, सासूबाईंचा पाठीमागचा हात सोडवून आपल्या हातात घेतला आणि पुढे चालू लागली. सासूबाई तिच्यामागून एकेक पाऊल टाकत गेल्या.

मी बाळ धरून तिथेच उभा राहिलो. आत पाऊल टाकायची माझी हिंमत होईना.

"अहो, या आत," सासूबाईंचा आवाज आला. "जागी आहे ती."