अक्कलदाढ आणि दुधाचा दात

धाकट्याने दादाशी बोलणं टाकलं त्याला दोन वर्षं होत आली होती. तरी दोघं रोज संध्याकाळी भेटत.

भेटत म्हणजे एका टेबलावर बसत. टेबल खरं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं होतं, हिरवं, लंबगोल, भोवती सहा खुर्च्या. एका खुर्चीखाली नाव असे 'अक्कलदाढ'. तो दादा. दुसऱ्या खुर्चीखाली 'दुधाचा दात'. तो धाकटा. उरलेल्या खुर्च्यांवर कुठले कुठले लोक येत, थोडं खेळत, निघून जात. पोकरचं हे सगळ्यात हलकं टेबल. संध्याकाळभर हरलं तरी एका चहापलीकडे नुकसान नाही.

नावं दादानेच ठेवली होती, बोलणं चालू होतं तेव्हा. दोघंही कवळ्या करायचे. दादाची लॅब म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी प्लास्टरचा ओटा, आत मेणाचा ओटा, मध्ये पॉलिशचं चाक. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, हे दोघं त्यावरून दात करून द्यायचे. धाकट्याला सगळं दादाने शिकवलं. प्लास्टर किती पातळ कालवायचं, मेण कितपत मऊ झालं की दात रुतवायचा, चाकावर कवळी धरताना कोपर कुठे टेकवायचं. जेवणाच्या सुट्टीत पोकरही त्यानेच शिकवलं, आणि अगदी तसंच.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते ज्याचे त्यालाच दिसतात. टेबलावर पाच पत्ते उघडत जातात, ते सगळ्यांचे. सातांतले ज्याचे पाच भारी, तो जिंकला. पटलं तर पैसे लावायचे, नाही तर पत्ते टाकून द्यायचे. ठरवायला वेळ मोजका. आपली पाळी आली की नावाखालची पट्टी आकसू लागते. पट्टी संपली की कॉम्प्युटरच तुमचे पत्ते टाकून देतो.

दादाचा एक नियम होता. खेळ संपला की ज्याने दिवसातला सगळ्यात मोठा डाव चुकीचा वाचला, त्याने तो डाव पहिल्यापासून सांगायचा. काय दिसलं, काय वाटलं, काय केलं. सबबी सांगायच्या नाहीत. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. सांगून झालं की दादा म्हणायचा, "बरं. पुढचा वाट." की विषय संपला.

धाकट्याने सांगितलेला पहिला डाव एक्क्यांचा होता. हातात दोन एक्के आले आणि तो हुरळून गेला. टेबलावर बदामामागून बदाम उघडत होते, तरी तो पैसे लावतच राहिला. समोरच्या अनोळखी माणसाकडे दोन बदाम होते, म्हणजे सगळे मिळून पाच बदाम, जोडीपेक्षा भारी. गेलं सगळं. त्याने डाव सांगितला तेव्हा दादा एकदाच नियम मोडून बोलला.

"डॉक्टर कवळी बसवताना पुन्हा तोंडात बघतात ना, शहाण्या? का साच्यावरच भागवतात? साचा घेतल्यानंतर तोंड बदलतं."

दुसरी शिकवण वेळेची. इथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, घाम दिसत नाही, हात दिसत नाहीत. मग बघायचं काय? दादा म्हणाला, तो किती वेळ घेतो ते बघ. पटकन बटण दाबलं तर त्याचं आधीच ठरलंय. एरवी पटापट खेळणारा अचानक लांबवायला लागला, तर समज, काहीतरी लपवतोय.

धाकट्याने ते गाठीला बांधून ठेवलं.

बिनसलं ते एका कवळीवरून. कुणा बाईंना ती एका बाजूला चावत होती. डॉक्टरांचा माणूस ती परत घेऊन आला, तेव्हा दादा त्याच्यादेखत म्हणाला, "भावाचं काम आहे. त्याचा हात बसायचाय अजून." धाकट्याचे तोवर कानाशेजारचे केस पांढरे झाले होते. तो आपल्या सुऱ्या, आपला दिवा, आपला एप्रन गुंडाळून बाहेर पडला, तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागला. वहिनीने मध्ये पडून पाहिलं. तिला दोघांनीही तेच सांगितलं. त्याला गरज असेल तर तो येईल.

पहिल्या आठवड्यातच, मालक गेल्यावर, रिकाम्या लॅबमध्ये धाकट्याने टेबल उघडलं. अक्कलदाढ बसलेली होती. पडद्याच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहायची सोय असते. दोघांनीही तिथे कधी काही लिहिलं नाही. खेळले आणि उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डाव सांगायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून धाकटा फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांना सांगायचा. ते निदान मध्ये बोलत नसत.

त्याला एकच हवं होतं. दादाने एकदा मान्य करावं की याचा हात बसलाय. दातांत नाही तर निदान पत्त्यांत.

आणि मग दादा लांबवायला लागला.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा धाकट्याकडे सत्त्यांची साधी जोडी होती. दादाची पट्टी निम्मी आकसली, मग शेवटाला आली, आणि अगदी टोकाला त्याने मोठी रक्कम लावली. दादा असा कधी खेळत नसे. धाकट्याला वाटलं, थाप मारतोय. त्याने पैसे लावले. पत्ते उघडले. दादाकडे काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने जबड्यांना तो डाव दोनदा सांगितला.

पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. दादा लांबवायचा, धाकटा पत्ते न टाकता तेवढेच पैसे लावायचा, बहुतेक वेळा जिंकायचा. एकदा दादाने चिमूटभर पैशांच्या डावावर भलतीच मोठी रक्कम लावली, एक शून्य जास्त पडल्यासारखी. धाकट्याने डोकं खाजवलं आणि तीही एक नवी चाल म्हणून ध्यानात ठेवली. मग दादा पत्ते टाकून देतानाही लांबवायला लागला. टाकायलाच पट्टी संपवायची, हा काय प्रकार? त्यावरही धाकट्याला उत्तर सापडलं. दादाला कळलंय की मी त्याची वेळ वाचतोय. म्हणून तो सगळेच डाव लांबवतोय, मला काही उमगू नये म्हणून. लबाड आहे म्हातारा. असं म्हणताना धाकट्याला बरंच वाटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा दादा त्याच्याशी काहीतरी बोलतोय असं त्याला वाटलं.

त्या दिवशी धाकट्याच्या हातात दोन राण्या आल्या. टेबलावर नव्वा, नव्वा आणि आणखी एक राणी उघडली. तीन राण्या, दोन नव्वे. असा डाव महिनोन्‌महिने येत नाही. बाकीचे सगळे बाहेर पडले होते. उरला दादा. दादा अजून पैसे लावत होता, तसाच रेंगाळत. शेवटचे दोन पत्ते उघडले, बिनकामाचे. धाकट्याने होतं नव्हतं ते सगळं लावलं.

दादाची पट्टी आकसायला लागली. अर्धी झाली. पाव झाली. धाकटा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. हा छळ आहे, त्याला वाटलं. आता हा मुद्दाम मला टांगून ठेवतोय. पट्टी लाल झाली तेव्हा त्याला राहवलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं,

"दादा, नाटक पुरे."

पट्टी संपली. दादाचे पत्ते कॉम्प्युटरने टाकून दिले. पैसे धाकट्याकडे सरकले. जरा वेळाने अक्कलदाढ हे नाव करडं पडलं, खेळणारा जागेवर नसला की पडतं तसं. धाकट्याने दोन मिनिटं वाट पाहिली. राग आलेला दिसतोय, तो म्हणाला. मग चाकाची धूळ पुसली, कुलूप लावलं, आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवला.

वहिनीचा फोन सकाळी आला. ती बहिणीकडे गेली होती. रात्री परत आली तेव्हा दादा खुर्ची आणि टेबलाच्या मध्ये पडलेला होता, जागा, डोळे उघडे. उजवी बाजू गेली होती. वाचाही.

इस्पितळाच्या लांब, हिरवट भिंतींच्या व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरीणबाई वहिनीला विचारत होती. नक्की कधी झालं हे? वहिनीला माहीत नव्हतं. लवकर आणलं असतं तर औषधाचा उपयोग झाला असता, म्हणून विचारते, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं. मग म्हणाली, डोक्यात आधीचेही बारीक झटके दिसतायत, त्याच्या काही खुणा? हात जड पडणं, काही करायला वेळ लागणं?

वहिनी म्हणाली, शर्टाची बटणं लावायला उशीर व्हायचा. कप पडला होता एकदा. विचारलं तर म्हणायचे, झोप नीट झाली नाही. "कधीपासून ते नाही सांगता यायचं हो. माझं लक्षच गेलं नाही."

धाकटा शेजारी उभा होता. त्याला सांगता आलं असतं. नुसता महिना नव्हे, दिवससुद्धा. दादाचा हात जड पडतोय हे जगात सगळ्यात आधी त्याने पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं, आणि त्यावर पैसे जिंकले होते. जुन्या लॅबमध्ये, शेजारच्या ओट्यावर, दादाची सुरी एकदा जरी अडखळली असती तरी त्याने दिवा बंद करून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. पडद्यावर हात नव्हता. फक्त वेळ होती.

वहिनीने त्याला कपडे आणि दादाची कवळी आणायला घरी पाठवलं. "जाताय तर तो कॉम्प्युटरही बंद करा, भावजी. रात्रीपासून चालूच आहे." मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एवढ्यात माउस डाव्या हातात घेऊन बसायचे. मी म्हटलं, नाही खेळलं एक दिवस तर काय बिघडेल? तर म्हणाले, तो येऊन बसेल ना."

कवळी खालच्या चार दातांची होती, बशीत पाण्यात ठेवलेली. दादाने स्वतःसाठी केलेली. त्यातला एक दात अलीकडे निघाला असावा आणि दादानेच परत बसवला असावा. तो वाकडा होता. शिकाऊ पोरानेही असा बसवला नसता.

कॉम्प्युटरवर टेबल उघडंच होतं. खेळलेले डाव तिथे साठवलेले असतात, आपले पत्ते आपल्याला पुन्हा बघता येतात. धाकट्याने कालचा शेवटचा डाव उघडला. दादाच्या हातात दोन नव्वे होते. दोन हातात, दोन टेबलावर. चार नव्वे. त्या टेबलावर त्याला हरवू शकेल असं काहीच नव्हतं. एक बटण दाबायचं होतं, बस. खाली कोपऱ्यात धाकट्याचे तीन शब्द तसेच होते. त्या क्षणी दादाला ते वाचता आलं होतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

दुपारी तो खाटेशेजारी स्टूल ओढून बसला. दादाचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. डोळे छताकडे होते. कवळीची डबी धाकट्याने उशीपाशी ठेवली आणि म्हणाला, "दादा, डाव सांगायचाय. माझी चूक झाली वाचायला."

आणि त्याने पहिल्यापासून सांगितला. कालचा नव्हे, सत्त्यांच्या जोडीपासून. काय दिसलं, काय वाटलं, काय केलं. जास्तीच्या शून्याचं सांगितलं. पत्ते टाकतानाच्या उशिराचं सांगितलं. राण्यांचं सांगितलं, आणि कोपऱ्यात काय लिहिलं तेही मोठ्याने म्हटलं. मग व्यवस्थित जेवलो, हेही. सबब एकही सांगितली नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून ऐकत होता.

सांगून झालं. दादाचे डोळे छतावरून खाली आले आणि त्याच्यावर येऊन थांबले. ओठांची चांगली बाजू जराशी हलली. त्यातून काही निघालं नाही.

नर्स दाराशी येऊन म्हणाली, भेटायची वेळ संपली, उठा आता.

धाकटा उठला नाही. मागे वळूनही त्याने पाहिलं नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला. "त्याची पाळी आहे."