बाबी मेस्तांची चिमुकली मोटार

गॅरेजात ग्रीस आणि किस्से, दोन्ही साचतात. ग्रीस रॉकेलनं जातं, किस्से जात नाहीत! डिचोलीला बाबी मेस्तांच्या गॅरेजात मी हात काळे करायला शिकलो, आणि त्यावरच आजवर जेवतोय. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे? निदान किस्से तरी सांगावेत.

*

खनिजाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या बाबींनी एकदम चिमुकली मोटार बनवायला घेतली. कारण त्यांची आई, आमच्या काकी. काकींचे गुडघे धरलेले, बसची पायरी चढवेना. आणि पेडण्यात त्यांची धाकटी बहीण आजारी. "पाटावर बसल्यासारखं बसता यायला हवं," बाबी म्हणायचे. गाडी पास झाली की कारखानाच काढायचा, हेही ठरलं होतं!

*

स्कूटरचं इंजिन, रिक्षाची चाकं. पण आमचे हात ट्रकाचे! कृष्णा फिटरनं पहिलाच नट असा आवळला की बोल्टच तुटला. बाबी ओरडले, "अरे रेड्या, कोंबडीक बैलाचें जू घालतंस काय?"

*

नावावरून तर महाभारत! गोव्यात घटक राज्याचे, भाषेच्या भांडणाचे दिवस. कृष्णाला नाव कोकणीत हवं, मला मराठीत. ब्रश एक, ओढणारे दोघे. काकी आतून म्हणाल्या, "बारसें मागीर करा रे, आदीं पोर जल्माक येवंदी!"

*

तपासणीला आरटीओचे साहेब आले. गाडीत बसले, आणि उठेनात! दोघांनी बगलेत धरून उपसले. शेरा पडला, रस्त्यावर आणण्यास अयोग्य. कारखाना बुडाला. बाबी त्या दिवशी जेवले नाहीत.

*

सकाळी बाबी पाना घेऊन गाडी मोडायला आले, तर काकी आत बसलेल्या! नवं लुगडं, मांडीवर खाज्याची पुडी.

"आये, उतार गे."

"आता पेडण्यात उतारतलंय!"

"रस्त्यार घालूंक बंदी आसा गे!"

काकी ढिम्म. कृष्णानं गाडीकडे पाहिलं, मग दारातल्या ट्रककडे. फळ्या लावल्या, सगळ्यांनी ढकललं, आणि काकींसकट गाडी ट्रकाच्या हौद्यात! दोरखंडानं चाकं बांधली. बाबी ट्रक चालवत होते आणि डोळे पुसत होते. म्हापशात लोक बोट दाखवून हसले, तर काकींनी त्यांना हात केला!

पेडण्यात बहिणीच्या अंगणात गाडी उतरवली. बाबींनी स्टार्ट करून आईला थेट पडवीपाशी नेलं. बहीण सुनेचा हात धरून दारात आली. तिला रडूच आवरेना. "कशी आयलंस गो इतक्या लांब?"

मागे तो एवढा थोरला ट्रक उभा. काकींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कशी म्हणजे? माझ्या झिलाच्या गाडयेन!"